तीन पानं लिहूनही गुण का मिळत नाहीत? सीए इंटरच्या उत्तरांची आखणी

प्रश्न थोडक्यात असा आहे: सीए इंटरचे, म्हणजे सीए परीक्षेच्या मधल्या टप्प्याचे, दोन्ही ग्रुप एकदम दिले. अकाउंट्स आणि कॉस्टिंगला बरे गुण आले, पण लॉला 38 आणि ऑडिटला 36. मॉड्यूल (सीए संस्थेचं, म्हणजे आयसीएआयचं अभ्यासपुस्तक) दोनदा वाचून झालं होतं, जवळजवळ प्रत्येक प्रश्नाला दोन-तीन पानं लिहिली होती, तरी गुण कुठे गेले ते कळत नाही. शाळा मराठी माध्यमाची, त्यामुळे इंग्रजीत वाक्यं जुळवताना वेळ जातो. उत्तराची आखणी नेमकी कशी करायची?

तुझी अडचण अभ्यासाची नसावी, हे उत्तरपत्रिका न बघताही मी बऱ्यापैकी खात्रीनं सांगतो. ऑफिसमधल्या आर्टिकल्सचे (सीएच्या प्रशिक्षणार्थींचे) सराव पेपर दर अटेम्प्टला माझ्याकडे तपासायला येतात. छत्तीस-अडतीसवर अडकलेले पेपर वाचले की एक गोष्ट हमखास दिसते: पुस्तक सगळं उतरलेलं असतं आणि प्रश्न उत्तरात कुठेच नसतो. प्रश्नातली माणसं, आकडे, तारखा पहिल्या ओळीत एकदा दिसतात आणि मग थेट शेवटी 'म्हणून कंपनीचं म्हणणं बरोबर नाही' या वाक्यात. मधली दीड पानं कोणत्याही प्रश्नाखाली चिकटवली तरी चालतील अशी असतात.

आता हिशेब बघ. नव्या अभ्यासक्रमात, म्हणजे मे 2024 पासून, इंटरच्या पेपरांत 30 गुण एमसीक्यूला (पर्याय निवडायच्या प्रश्नांना) आणि 70 लेखी उत्तरांना आहेत. ऑडिटच्या एमसीक्यूत तुला अठरा-वीस मिळाले असं धरलं, तर लेखी भागात सत्तरपैकी सोळा-अठराच उरतात. पाच प्रश्नांवर पसरले तर चौदापैकी साडेतीन. एवढे गुण नुसती तरतूद आठवल्याबद्दल मिळतात. बाकीचे गुण ती तरतूद समोरच्या प्रकरणाला लावून दाखवण्याचे असतात.

एक उदाहरण जवळून बघू. ऑडिट आणि लॉ दोन्हींच्या सीमेवरचा, नेहमी येणाऱ्या धाटणीचा पाच गुणांचा प्रश्न. सीए 'क' यांची एका लिमिटेड कंपनीच्या ऑडिटर म्हणून नेमणूक करायची आहे. त्यांच्या पत्नीकडे त्याच कंपनीचे शेअर्स आहेत, दर्शनी किंमत ₹90,000, बाजारभाव ₹2,10,000. नेमणूक करता येईल का? नेमणुकीनंतर पत्नीनं आणखी शेअर्स घेतले आणि एकूण दर्शनी किंमत ₹1,20,000 झाली, तर काय?

बहुतेक जण काय लिहितात? कंपनी कायदा 2013, कलम 141(3), मग (ए) पासून (आय) पर्यंतची सगळी अपात्रतांची यादी. बॉडी कॉर्पोरेट चालत नाही, कंपनीचा अधिकारी चालत नाही, वीसपेक्षा जास्त कंपन्या नकोत, फसवणुकीची शिक्षा झालेला नको. यादी चोख असते, पाठांतर खरंच झालेलं असतं. पण प्रश्न फक्त (डी) बद्दल आहे. बाकी आठ मुद्दे लिहिण्यात सात मिनिटं जातात, आणि शेवटी घाईघाईत 'पत्नीकडे शेअर्स असल्यामुळे सीए क अपात्र आहेत' असा चुकीचा निष्कर्ष. दोन लाख दहा हजारांचा आकडा बघून गडबड होते. तो आकडा त्याचसाठी तिथे ठेवलेला असतो.

हेच उत्तर मी कसं बांधेन? पहिला परिच्छेद, तीन ओळी: कलम 141(3)(डी)(आय) नुसार ऑडिटर, त्याचा नातेवाईक किंवा भागीदार यांच्याकडे कंपनीचे रोखे असतील तर तो अपात्र. मात्र नातेवाईकाला कंपनीचे रोखे ठरावीक मर्यादेपर्यंत ठेवता येतात. कंपनीज (ऑडिट अँड ऑडिटर्स) रूल्स, 2014 च्या नियम 10 प्रमाणे ही मर्यादा ₹1,00,000 दर्शनी किमतीची. दुसरा परिच्छेद, प्रश्नातली माणसं: पत्नी ही कायद्यानं नातेवाईक आहे. शेअर्स त्याच कंपनीचे आहेत. मर्यादा दर्शनी किमतीवर मोजायची असल्यामुळे बाजारभाव ₹2,10,000 विचारात घ्यायचा नाही. दर्शनी किंमत ₹90,000, म्हणजे मर्यादेच्या आत. तिसरी ओळ: म्हणून सीए क अपात्र नाहीत, नेमणूक करता येईल. मग चौथा छोटा परिच्छेद, प्रश्नाच्या दुसऱ्या भागासाठी: ₹1,20,000 झाल्यावर मर्यादा ओलांडली, पण नियम 10 प्रमाणे ऑडिटरला दुरुस्तीसाठी 60 दिवस मिळतात. तेवढ्यात पत्नीनं जादाचे शेअर्स विकून मर्यादेत आणलं तर पद टिकतं. नाही आणलं, तर कलम 141(4) प्रमाणे पद सोडावं लागतं.

एवढंच. एक पान, फार तर सव्वा. यात मी जे लिहिलं नाही ते बघ: बाकीच्या अपात्रता नाहीत, ऑडिटरच्या स्वातंत्र्याचं महत्त्व नाही, 'प्रस्तावना' नाही. आणि जे लिहिलं त्यात प्रश्नातल्या प्रत्येक गोष्टीची कुठे ना कुठे दखल आहे: पत्नी, तीच कंपनी, नव्वद हजार, दोन लाख दहा हजार, एक लाख वीस हजार. बाजारभावाचा आकडा निकालात काढला, तो का काढला हेही लिहिलं. गुण त्या 'का'चे असतात.

तर आखणी म्हणजे मुख्यतः हे: पेन टेकवण्याआधी प्रश्नातल्या प्रत्येक तथ्याला विचारायचं, तू इथे कशाला आलास? तारीख आहे म्हणजे मुदत मोजायची आहे. दोन रकमा आहेत म्हणजे त्यातली एक बहुधा फसवी आहे. 'प्रायव्हेट कंपनी' असं मुद्दाम म्हटलंय म्हणजे कुठलीतरी सूट आहे किंवा तरतूद लागूच होत नाही. 'तोंडी सांगितलं', 'पत्रानं कळवलं' हेही उगाच नसतं. प्रश्नपत्रिकेवर अशा शब्दांखाली पेन्सिलीनं रेघ मारायची आणि उत्तरात प्रत्येक रेघेला किमान अर्धं वाक्य द्यायचं. उत्तर संपल्यावर रेघा मोजायच्या. एखादी राहिली असेल तर बहुतेक वेळा गुणही तिथेच राहिलेले असतात.

हे करायला वेळ कुठे आहे, असं वाटेल. पावणेदोनला प्रश्नपत्रिका हातात येते आणि दोन वाजेपर्यंतची पंधरा मिनिटं वाचायला मिळतात. बरीच मुलं या वेळात एकच काम करतात: कुठला प्रश्न येत नाही ते शोधून घाबरतात. खरं तर या वेळात दोन निर्णय व्हायला हवेत. पहिला प्रश्न सक्तीचा, उरलेल्या पाचांतून चार सोडवायचे, तेव्हा सोडायचा कोणता? आणि सुरुवात कुठून? सोडायचा प्रश्न ठरवताना त्यातला एक उपप्रश्न भीतीदायक आहे म्हणून अख्खा प्रश्न टाकू नकोस. चौदा गुणांच्या प्रश्नात तीन-चार तुकडे असतात. पाच गुणांचा एक तुकडा अजिबात येत नसेल पण बाकीचे नऊ गुण पक्के असतील, तर तो प्रश्न सगळं थोडंथोडं येणाऱ्या प्रश्नापेक्षा केव्हाही चांगला.

इथेच एक नियम सांगून ठेवतो, कारण तो प्रश्नपत्रिकेवर छापलेला असूनही कोणी वाचत नाही. मागितल्यापेक्षा जास्त प्रश्न सोडवले, तर उत्तरपत्रिकेत आधी आलेले तेवढेच तपासले जातात, नंतरचे सोडून दिले जातात. म्हणजे 'वेळ उरला, सहावाही लिहून टाकतो, ज्यात जास्त मिळतील ते धरतील' हे चालत नाही. आधी लिहिलेलं अर्धवट, कच्चं उत्तर धरलं जाईल आणि शेवटचं चांगलं उत्तर वाया जाईल. प्रश्न बदलायचाच असेल तर आधीच्या उत्तरावर स्पष्ट काट मार.

वेळेचं गणित एकदाच मांडून पाठ करून टाक. तीन तास म्हणजे 180 मिनिटं. एमसीक्यूला 45 मिनिटं दिली तर लेखी सत्तर गुणांना 135 उरतात, म्हणजे गुणाला जेमतेम दोन मिनिटं. पाच गुणांच्या उत्तराला साडेनऊ मिनिटं, चार गुणांच्याला साडेसात, अख्ख्या प्रश्नाला 27. साडेनऊपैकी दीड मिनिट वाचायला आणि रेघा मारायला, आठ लिहायला. आठ मिनिटांत आपल्या हातानं सव्वा पानापेक्षा जास्त होत नाही, त्यामुळे तू जी तीन पानं लिहिलीस ती दुसऱ्या कुठल्या तरी उत्तराच्या वेळातून आली. शेवटचा प्रश्न अर्धवट राहिला होता का, आठवून बघ. प्रत्येक पेपरला किमान 40 आणि ग्रुपला तीनशेपैकी 150 लागतात, आणि कुठल्याही उत्तराचे पहिले तीन गुण शेवटच्या दोनांपेक्षा फार स्वस्त असतात. एका उत्तरात पाचापैकी पाच मिळवायच्या नादात पुढच्या उत्तराचे ते स्वस्त तीन घालवणं हा तोट्याचा सौदा आहे.

कलमांचे आणि एसएचे (ऑडिटिंगच्या मानकांचे) आकडे लिहावेत का, हे मला प्रत्येक बॅच विचारते. खात्री असेल तर जरूर लिही, नसेल तर 'कंपनी कायदा 2013 च्या संबंधित तरतुदीनुसार' असं लिहून तरतूद नीट मांड. चुकीचा आकडा ठामपणे लिहिला की तपासणाऱ्याची नजर तिथेच अडते आणि पुढचं बरोबर असलेलंही तो संशयानं वाचतो. आयकरात तर आता जास्तच जपून. 1961 च्या कायद्याच्या जागी आयकर कायदा 2025 हा 1 एप्रिल 2026 पासून लागू झाला आहे, कलमांचे क्रमांक पार बदलले आहेत, आणि सीनियर्सच्या नोट्स अजून जुन्या क्रमांकांनी भरलेल्या आहेत. तुझ्या अटेम्प्टला कोणता कायदा लागू आहे ते संस्थेच्या सूचनेत आधी बघ आणि त्यानुसारच पाठ कर.

ऑडिटचं एक दुखणं वेगळं आहे. लॉमध्ये निदान 'वैध की अवैध' असा निकाल द्यावा लागतो. ऑडिटमध्ये मुलं निकालच देत नाहीत. 'ऑडिटरनं काय करावं?' असं विचारलं की सगळी प्रक्रिया लिहितात आणि अभिप्राय कोणता द्यायचा ते सांगतच नाहीत. समज, प्रश्न असा आहे: पुराचं पाणी गोदामात शिरलं, वर्षअखेरची मालमोजणी बघायला ऑडिटरला जाता आलं नाही, पर्यायी तपासण्याही शक्य झाल्या नाहीत, आणि तो माल एकूण मालमत्तेच्या 6 टक्के आहे. इथे दोनच गोष्टी ठरवायच्या असतात. एक, अडचण कसली आहे: हिशेब चुकलेत की पुरावा मिळाला नाही? दोन, परिणाम किती पसरलाय: एका आकड्यापुरता की सगळ्या ताळेबंदावर? इथे पुरावा मिळालेला नाही. रक्कम महत्त्वाची आहे, पण एका बाबीपुरतीच. म्हणून एसए 705 प्रमाणे क्वालिफाइड ओपिनियन, म्हणजे ती एक बाब सोडून बाकी हिशेब बरोबर. तोच माल मालमत्तेच्या 70 टक्के असता तर डिस्क्लेमर, म्हणजे मत द्यायलाच नकार. आणि भिजलेला माल व्यवस्थापन मुद्दाम मूळ किमतीला दाखवत असतं, तर मामला पुराव्याचा राहिला नसता, चुकीच्या मांडणीचा झाला असता: क्वालिफाइड किंवा अ‍ॅडव्हर्स (प्रतिकूल मत).

हे चार-ओळी विश्लेषण उत्तराचा कणा आहे. एसए 501 मध्ये मालमोजणीबद्दल काय म्हटलंय ते त्याच्या आधी दोन वाक्यांत येऊ दे. पण कणा न लिहिता नुसतं एसए 501 उतरवलं, तर पाचातले दोनच्या वर जाणं कठीण. तपासणाऱ्याला तो 6 टक्क्यांचा आकडा उत्तरात दिसला पाहिजे, आणि त्या आकड्याचं तू काय केलंस तेही.

निष्कर्ष पहिल्याच ओळीत द्यावा की शेवटी, यावर क्लासवाल्यांत वाद आहेत. माझं मत: शेवटी, वेगळ्या ओळीत, आणि अख्ख्या उत्तरात तेवढ्याच ओळीखाली रेघ. सुरुवातीलाच निकाल दिला आणि विश्लेषण करताना लक्षात आलं की चुकला, तर खाडाखोड करत बसावं लागतं. मात्र उत्तराचा प्रकार प्रश्नाच्या क्रियापदावर ठरतो, हे विसरू नकोस. 'डिस्टिंग्विश' म्हटलं की दोन स्तंभ आखून मुद्द्यासमोर मुद्दा. दोन वेगळे परिच्छेद लिहिले की तपासणाऱ्याला फरक स्वतः शोधावा लागतो, तो शोधत नाही. 'अ‍ॅडव्हाइज' म्हटलं की शेवटी सल्ला हवाच.

आता आकड्यांच्या पेपरांकडे. तिथे तुला बरे गुण आहेत म्हणतेस, तरी एक गोष्ट सांगतो, कारण साठच्या वर जाण्याची गुरुकिल्ली तीच आहे, आणि साठ मिळाले की पेपरला एक्झेम्प्शन, म्हणजे ग्रुप राहिला तरी तो पेपर लगेच पुन्हा द्यावा लागत नाही. प्रश्नपत्रिकेवर लिहिलेलं असतं की वर्किंग नोट्स उत्तराचा भाग आहेत. मुलं त्या कडेला, तिरक्या, पेन्सिलीनं करतात आणि मुख्य उत्तरात फक्त आकडा लिहितात. ऑडिटमध्ये आपण व्हाउचर नसलेला खर्च मानत नाही. इथे वर्किंग नोट हेच तुझं व्हाउचर.

उदाहरण घे. एएस 10 (यंत्रं-इमारतींसारख्या मालमत्तेच्या हिशेबाचं मानक) वरचा सोपा प्रश्न: यंत्राची किंमत ₹20,00,000, त्यावर 18 टक्के जीएसटी ₹3,60,000 आणि त्याचं पूर्ण इनपुट क्रेडिट (भरलेल्या कराची वजावट) मिळतं, वाहतूक ₹50,000, बसवण्याचा खर्च ₹80,000, कामगारांचं प्रशिक्षण ₹30,000. पाच वर्षांनी यंत्र काढून जागा पूर्ववत करण्याचं बंधन आहे, अंदाजे खर्च ₹1,00,000, दर 10 टक्के. यंत्राची मूळ किंमत किती धरायची? उत्तर ₹21,92,100. किंमत वीस लाख, वाहतूक पन्नास हजार, बसवणूक ऐंशी हजार, आणि जागा पूर्ववत करण्याच्या खर्चाचं आजचं मूल्य, 1,00,000 × 0.621, म्हणजे ₹62,100.

दोन मुलांनी घाईत पाचऐवजी चार वर्षांचा फॅक्टर, 0.683, घेतला असं समज. दोघांचंही उत्तर ₹21,98,300 येतं, दोघांचंही चूक. पण एकानं तक्ता मांडलाय: प्रत्येक बाब वेगळ्या ओळीत, जीएसटीसमोर 'क्रेडिट मिळतं म्हणून धरला नाही', प्रशिक्षणासमोर 'एएस 10 प्रमाणे किमतीत येत नाही', आणि खाली वर्किंग नोट 1: 1,00,000 × 0.683 = 68,300. त्याची चूक एकाच ओळीत अडकून राहिली, बाकी सगळं बरोबर आहे हे दिसतंय, त्याचे गुण त्याला मिळतात. दुसऱ्यानं नुसतं '₹21,98,300' लिहिलं. त्याला काय द्यायचं? कशाबद्दल?

यातली 'धरला नाही' वाली ओळ फार महत्त्वाची आहे, आणि टॅक्सला तर सोन्याची. जीएसटीच्या प्रश्नात पाच खरेद्या दिल्या असतील आणि त्यातली एक संचालकांच्या वापरासाठीची साधी कार असेल, तर क्रेडिट मिळत नाही म्हणून ती ओळच गाळू नकोस. ओळ लिही, रकमेच्या जागी 'निरंक', आणि शेजारी कारण: चालकासह तेरा किंवा कमी आसनांचं वाहन, कलम 17(5) प्रमाणे क्रेडिट नाही. गाळलेली ओळ आणि विसरलेली ओळ तपासणाऱ्याला सारखीच दिसते. आयकरातल्या करमुक्त उत्पन्नाचंही हेच. प्रश्नातला काही मजकूर संदिग्ध वाटला तर गृहीतक धरून पुढे जा, पण ते 'गृहीतक' असं लिहून एका ओळीत दाखव. तशी मुभा प्रश्नपत्रिकाच देते.

कॉस्टिंग आणि एफएमला (फायनान्शियल मॅनेजमेंटला) सूत्र, मग आकडे घातलेलं सूत्र, मग उत्तर आणि एकक. सल्ला मागितला असेल तर शेवटी एक वाक्य. यावर जास्त सांगण्यासारखं नाही.

इंग्रजीचं. तू ज्या अडचणीला इंग्रजी म्हणतेस ती निम्मी आखणी नसल्याची अडचण आहे. काय म्हणायचंय ते ठरलं नसेल तर मराठीतही वाक्य अडखळतं. उरलेल्या निम्म्या अडचणीवर उपाय साधा आहे: वाक्य छोटं ठेव, एका वाक्यात एक मुद्दा. 'इन द गिव्हन केस', 'सिन्स', 'हेन्स' एवढ्या तीन-चार सांध्यांवर लॉचं अख्खं उत्तर उभं राहतं आणि ते कुणाला गरीब वाटत नाही. तपासणारा भाषेचे गुण देत नाही. पण कायद्याचे नेमके शब्द मात्र इंग्रजीतच, जसेच्या तसे पाठ हवेत. 'रिझनेबल अ‍ॅश्युरन्स', 'मटेरियल', 'परव्हेसिव्ह', 'ऑर्डिनरी कोर्स ऑफ बिझनेस' यांच्या जागी स्वतःचा पर्यायी शब्द घातला की अर्थ निसटतो. प्रत्येक प्रकरणातले असे दहा-पंधरा शब्द काढून वहीत ठेव. भोवतालचं वाक्य कसंही असो, तो शब्द बिनचूक हवा. उत्तरं हिंदीतून लिहिण्याचा पर्याय संस्था देते, मराठीचा नाही. हिंदीकडे वळायचा विचार असेल तर घाई करू नकोस. ऑफिसात ऑडिट फाइल, नोटिसा, रिटर्न सगळं इंग्रजीतच वाचतेस, ते शब्द तुझ्या कानावर आधीच बसलेले आहेत.

हे सगळं हातात कसं बसवायचं? दिवसाला एक अख्खा पेपर लिही असा सल्ला मी देत नाही. ऑफिसचं काम चालू असताना, त्यातून सप्टेंबरात टॅक्स ऑडिटची धावपळ असताना, ते जमतही नाही. त्यापेक्षा आरटीपीतले (संस्थेच्या रिव्हिजन टेस्ट पेपरातले) दहा प्रश्न घे. प्रत्येकाला दोन मिनिटं दे आणि फक्त सांगाडा लिही: कोणती तरतूद, प्रश्नातली कोणती तथ्यं, त्यांचं काय करायचं, निकाल काय. चार ओळी, बस. मग त्यातले दोनच घड्याळ लावून पूर्ण लिही. दहा सांगाडे वीस मिनिटांत होतात, दोन पूर्ण उत्तरं आणखी वीस मिनिटांत, म्हणजे लोकलच्या दोन फेऱ्यांच्या वेळात दहा प्रश्नांचा खरा सराव होतो. मग संस्थेच्या सजेस्टेड आन्सरशी ताडून बघताना लांबी ताडू नकोस. ती उत्तरं शिकण्यासाठी लिहिलेली असतात, साडेनऊ मिनिटांत तेवढं कोणी लिहू शकत नाही. ताडायचं ते एवढंच: त्यांनी प्रश्नातलं कोणतं तथ्य उचललं जे माझ्याकडून सुटलं? परीक्षकांचे अभिप्रायही संस्था प्रसिद्ध करते. ते कंटाळवाणे आहेत, पण तुझ्या दोन पेपरांचे तरी वाच. बहुतेक तक्रारी अ‍ॅनालिसिसच्या नावानंच असतात.

आणि तुझ्या स्वतःच्या ऑडिट-लॉच्या उत्तरपत्रिकांची प्रमाणित प्रत मागव. मुदत निकालानंतर थोडीच असते, शुल्क लागतं, पण ते वसूल होतं. आल्यावर एक काम कर: हिरव्या पेनानं प्रत्येक उत्तरातली फक्त ती वाक्यं अधोरेखित कर जी त्या प्रश्नाशिवाय दुसऱ्या कुठल्याच प्रश्नाखाली लिहिता आली नसती. किती हिरवं दिसतंय ते मला कळव. पत्नीच्या शेअर्सच्या उत्तरात ते निम्म्याहून जास्त आहे.

कागदाबद्दल दोन-चार गोष्टी. उत्तरपत्रिका स्कॅन होऊन पडद्यावर तपासल्या जातात. त्यामुळे काळ्या शाईचं, पलीकडे न उमटणारं पेन वापर आणि कडेच्या समासात बारीक अक्षरात काही लिहू नकोस. प्रत्येक प्रश्न नव्या पानावर, आणि त्याचे उपप्रश्न एकापाठोपाठ. 3(अ) पहिल्या पानांत आणि 3(क) शेवटून दुसऱ्या पानावर, असं केलं की पडद्यावर पानं मागेपुढे करण्याची पाळी तपासणाऱ्यावर येते. एखादा उपप्रश्न नंतर करायचा असेल तर जागा सोडून पुढे जा.

शेवटी, वेळ संपत आला आणि एक पाच गुणांचा तुकडा राहिला, असं होईलच. चार मिनिटं उरली असतील तर तरतुदीपासून सुरुवात करू नकोस. आधी निष्कर्ष लिही, मग तो का ते प्रश्नातल्या दोन तथ्यांसकट, आणि वेळ उरला तर वर सोडलेल्या चार रिकाम्या ओळींत तरतूद भर. शेवटी निष्कर्ष द्यावा हा माझाच नियम इथे मोडायचा. आकड्यांचा प्रश्न असेल तर तक्ता आख, सगळ्या बाबींची नावं टाक, ज्या रकमा सरळ प्रश्नातून येतात त्या भर आणि ज्या काढायच्या आहेत त्यांची फक्त सूत्रं लिही. मी तपासत असलो तर अशा उत्तराला दोन तरी देतो, आणि 38 च्या पेपरला दोनच कमी होते.